रस्त्याला चुना लावणाऱ्या बाई

"थांबा हो, पयले माती काय म्हणते ते आयकू द्या," असं म्हणून बाई ओल्या काळ्या मातीची गोळी टेबलाच्या काचेवर ठेवायच्या आणि बोटांनी तिची वात वळायला लागायच्या. टेबल माझं असायचं. काचेवर मी सकाळपासून काढत बसलेला नकाशा असायचा, त्याच्याकडे त्यांचं लक्ष नसायचं. वात बारीक, आणखी बारीक होत जायची, तरी तुटायची नाही. मग बाई मान हलवायच्या. "पायलं का? लय गोड बोलून राह्यली. हे दगा देणार."

आमच्या यवतमाळ जिल्ह्यातली माती तुम्ही पाहिली असेल. उन्हाळ्यात तिला अशा भेगा पडतात की सायकलचं चाक आत जावं. पावसाळ्यात तीच फुगते, जितकी चिवट तितकी जास्त, आणि वरचा रस्ता मोडून टाकते. बाई आमच्या कार्यालयात शाखा अभियंता होत्या, मी आरेखक. बाई बोरी अरबकडच्या एका बंजारा तांड्यातल्या. वडील शेतकरी, पणजोबांनी बैलांच्या पाठीवर मीठ वाहिलेलं. आमच्याकडे तीन पिढ्या टेबलामागे बसलेल्या. चिखलाशी माझा संबंध पायपुसण्यापुरता.

मुकुटबनच्या पुढे एका तांड्याला जोडणारा तीन किलोमीटरचा रस्ता आमच्याकडे होता. आम्ही दगड टाकायचो, माती गिळायची. पावसाळ्यात एसटी फाट्यावरूनच परत फिरायची आणि तांड्यातल्या मोठ्या मुलींची शाळा तिथेच सुटायची. बाईंना हे फार लागायचं.

पहिल्या पाहणीला गेलो तेव्हा माझा डावा बूट मातीत राहिला. तो काढायला वाकलो तर उजवाही गेला. बाई हसत हसत बांधावर टेकल्या, बांध निसरडा, त्या सरळ नालीत. नालीतूनही हसू येतच होतं. "ओ नकाशेवाले, हे बूटंही नकाशात दाखवा!"

निवृत्ती दीड वर्षावर आलेली असताना त्यांनी वरिष्ठांकडे हट्ट धरला. आधी मातीत चुना मिसळू, म्हणजे ती पाणी पिऊन फुगणार नाही. दोन्ही बाजूंना खोल नाल्या काढू. मग वर रस्ता करू. परवानगी मिळाली, ती एका अटीवर: हा एकच रस्ता, एकच पावसाळा. बिघडला तर पुन्हा चुन्याचं नाव काढायचं नाही.

राजूरकडच्या भट्ट्यांवरून चुन्याचे ट्रक आले आणि लेखी तक्रारही आली. 'मॅडम रस्त्याला चुना लावत आहेत, चौकशी व्हावी.' साहेबांनी ती गंभीर चेहऱ्याने मोठ्याने वाचली, शेवटी त्यांच्याच हसण्याचा बांध फुटला, आणि सगळं कार्यालय पोट धरून बसलं.

तांड्यात मात्र कोणी हसत नव्हतं. तांड्याचे प्रमुख, म्हातारे नाईक, काठी आपटत म्हणाले, "इतकी वर्षं समद्यायनं आमाले थोडाथोडा चुना लावला. तुम्ही तं गाड्या भरून आणला!"

"लावणारच हाय, नाईकबापू," बाई म्हणाल्या. "पण पयले दोन गिलास द्या."

एका गिलासात त्यांनी तिथलीच साधी माती भरली, दुसऱ्यात आठवडाभर आधी चुना कालवून ठेवलेली. दोन्ही काठोकाठ. वरून पाणी ओतलं. काही हातचलाखी होऊ नये म्हणून नाईकांनी दोन्ही गिलास स्वतःच्या कपाटात ठेवले आणि किल्ली कमरेला खोचली.

दुसऱ्या दिवशी सकाळी कपाट उघडलं तेव्हा अख्खा तांडा दारात होता. साधी माती गिलासाबाहेर टोपी घालून बसली होती. चुन्याची होती तिथेच होती. नाईकांनी पहिल्या गिलासात बोट घातलं, ते रुतलं. दुसऱ्यात घातलं, ते वाकलं. बोट धोतराला पुसत ते म्हणाले,

"मंग माह्या अंगणाले काहून नाई लावत?"

त्यानंतरचे पंधरा दिवस म्हणजे जत्रा होती. तांड्यातले सगळे ट्रॅक्टर रोटाव्हेटर लावून चुना आणि माती एकजीव करत धावत होते. चुना डोळ्यांत जाईल म्हणून बाईंनी सगळ्यांना चष्मे लावायला लावले, तोंडाला दुपट्टे बांधायला लावले. मग कोण कोण आहे हे कोणालाच ओळखू येईना. नाईकांनी मला आपला जावई समजून झापलं. मीही "हाव" म्हणून ऐकून घेतलं.

ऑगस्टमध्ये झड लागली. पाच दिवस सूर्य नाही. बाई दर तासाला तांड्यात फोन करायच्या. "हालला का?" तिकडून उत्तर यायचं, "नाई." सहाव्या दिवशी त्यांनी मला गाडीत घातलं आणि आम्ही फाट्यावर जाऊन एसटी अडवली.

ड्रायव्हर म्हणाला, "मॅडम, मागच्या साली फसलतो मी. आता फसली तं कोण काढन?"

"मी ढकलीन ना! चला, मी समोर चालते."

आणि छत्री उघडून बाई खरंच बसपुढे चालू लागल्या. बस त्यांच्या मागे, मी बसच्या मागे. पहिला किलोमीटर त्या चालल्या. दुसऱ्यात छत्री उलटली, ती त्यांनी फेकली आणि धावायला लागल्या. सत्तावन्न वर्षांच्या बाई, पायात गमबूट, मागे हॉर्न वाजवणारी एसटी! तांड्याच्या तोंडाशी बायका जमल्या होत्या. "आव याडी, आव!" म्हणजे 'ये आई, ये' करत त्यांनी बाईंना आत ओढलं, गाणं धरलं, आणि बाई गमबुटांसकट नाचल्या. नाईक नाचले. ड्रायव्हर इंजिन चालू ठेवून उतरला आणि नाचला. मी नाचलो की नाही हे इथे लिहिणं बरं नव्हे. दप्तरं घेतलेल्या सात मुली मात्र नाचात आल्या नाहीत. त्या आधीच बसमध्ये जाऊन जागा धरून बसल्या होत्या.

हिवाळ्यात बाई निवृत्त झाल्या. निरोपाच्या दिवशी शाल, नारळ, पेढे, सगळं तयार. बाईंचाच पत्ता नाही, फोन बंद. साहेबांचं भाषण दोनदा सुरू होऊन थांबलं. शेवटी त्यांनी मला पाठवलं. कुठे जायचं हे मला विचारावं लागलं नाही.

फाट्यावरून आत वळलो तर समोरून एसटी येत होती. मला ओळखून ड्रायव्हरने गाडी हळू केली. कंडक्टरने दारातून तोंडावर बोट ठेवलं आणि हळूच म्हणाला, "सकाळपासून तिसरी फेरी हाय. उतरतच नाई."

बाई खिडकीशी गाढ झोपल्या होत्या. कपाळ काचेला टेकलेलं. बस चालत होती आणि कपाळ काचेवर एकदाही आपटत नव्हतं.

मी हाक मारली नाही. मोटारसायकल वळवून बसच्या मागे लावली. फाट्यापुढे मोठा रस्ता लागतो. त्याच्यावरचा पहिला खड्डा यायला अजून दोन किलोमीटर होते.