मोठी मायच्या शेतातला करंट

मोठी मायची राख आज मी तिच्या शेतात टाकू दिली नाही.

सकाळपासून भाऊबंद माझ्यावर डाफरताहेत. डाफरू देत.

मोठी माय म्हणजे माझी मोठी काकू. शहाद्याकडे, तापीकाठी तिचं काळंभोर शेत. शेजारी कुणीतरी जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं वितळवायची भट्टी टाकली, रान नासवलं आणि पसार झाला.
माती टेस्ट केली. शिसंच शिसं. तिथली दादर ज्वारी खायची सोय राहिली नाही.

सगळे म्हणाले, वरची माती उचला आणि ट्रॅक्टरने लांब फेकून द्या.
ती म्हणाली, "तठला लोकेस्नी काय पाप करं?"
विषय संपला.

मग मी माझा कॉलेजातला प्रयोग तिच्या शेताच्या कोपऱ्यात नेला. ओल्या मातीत ग्राफाईटच्या सळ्या रोवल्या, सोलर पॅनल जोडलं. करंट सुरू झाला की शिसं निगेटिव्ह सळीकडे सरकतं. तिथलं पाणी उपसून वेगळं ठेवायचं. काम गोगलगायीच्या चालीचं.

गाव हसलं. "म्हातारी जमीनले शॉक दी ऱ्हायनी."
ती म्हणायची, "मंग? जमीनले बी दवाखाना लागस."

रोज विचारायची, "सरकी ऱ्हायनं का वं?"
"सरकी ऱ्हायनं, पण हळू."
"मी बी हळूच चालस. तरी बजारले पोचस ना?"

परवा ती गेली. कोपरा बराच साफ झालाय, पण दादर पेरण्याइतका नाही. आपल्या शेतातली भाकर तिला पुन्हा मिळाली नाही. याचा मला राग आहे आणि तो जाणार नाही.

आज राख सावडल्यावर भाऊबंद म्हणाले, "तिन्हं वावर व्हतं, राख तठेच टाकू." रीत आहे, त्यांचंही चुकलं नाही.

पण राखेत क्षार असतो. मातीत क्षार वाढला की शिसं जागा धरून बसतं, सरकत नाही. हे तिला ठाऊक होतं. तिनेच मला बजावलं होतं, "मन्ही राख वावरमा नको. मी मरीसन जमीनले आडवी येऊ का?"

कुणाला खरं वाटेना. तिचा मुलगा आप्पा मात्र गुपचूप उठला, राखेचं मडकं घेतलं आणि प्रकाशा गावाच्या रस्त्याला लागला. तिथे राख तापीत सोडली.

आता भाऊबंद म्हणताहेत, सळ्या उपटा, प्लॉट पाडा.
आप्पा एवढंच म्हणाला, "ऱ्हाऊ दे."
आणि मी म्हणते, कुणी उपटून तर दाखवा.

श्रद्धांजली वाहायची असेल त्यांनी शेतात या. हार नको. पाण्याचा ड्रम आणा, माती ओली ठेवावी लागते.

मोठी माय, जाय सुखानं.
करंट चालू शे.