तेल दाखव

शहादेवच्या पायाला भिंगरी आहे. चौसाळ्यात त्याचं मोटार रिवायंडिंगचं दुकान, पण गिऱ्हाईक खुर्चीत आणि मालक रस्त्यावर! चहासुद्धा उभ्यानं पितो, तोही अर्धा. त्याची स्वतःची राजदूत फटफटी दोन वर्षांपासून नुसता सांगाडा होऊन पडली आहे. कुणी म्हणालं कार्बुरेटर मिळेना, की ह्यानं आपल्या गाडीचा काढून दिलाच. माझ्या राजदूतचा मॅग्नेट त्याचाच आहे. त्याची बायको मनिषा म्हणते, "समद्या जिल्ह्याच्या गाड्या पळत्यात, आमचीच तेवढी अंथरुणाला खिळलीय."

आमच्या फटफटी मंडळातला एक रिवाजही त्यानंच पाडलेला. ह्या जुन्या गाड्यांच्या पेट्रोलमध्ये मापानं ऑईल मिसळावं लागतं. विसरलं की पिस्टन जाम. म्हणून पंपावर मागच्यानं ओरडायचं, "तेल दाखव!" आणि पुढच्यानं टाकीत ओतून झालेलं रिकामं माप वर धरायचं. चुकणाऱ्याला शहादेव चारचौघांत झापायचा. मलाही झापलंय, आठवलं की अजून कान तापतात.

गेल्या दिवाळीनंतर आमच्या चाळीस गाड्या कपिलधारला दर्शनाला निघाल्या. शहादेवकडे गाडी नाही. तेव्हा मंडळातल्या दिंद्रुडच्या आप्पांनी आपली येझदी त्याच्या हातात दिली. आप्पा शहात्तर वर्षांचे, गुडघ्याला किक झेपत नाही. अठ्ठेचाळीस वर्षांत ती गाडी त्यांनी सख्ख्या भावालाही दिली नव्हती. "तू चालीव, मी मागं बसतो," म्हणाले, आणि ऑईलची बाटली पिशवीत घेऊन बसले.

बीडच्या पंपावर शहादेव नुसता गरगरत होता. ह्याचा प्लग बघ, त्याची चेन बघ. मध्येच येझदीची टाकी भरून घेतली, झाकण लावलं, निघाला. मी त्याच्या मागंच उभा होतो. माप काही वर झालं नाही. "तेल दाखव" म्हणायला मी तोंड उघडलं आणि मिटलं. शहादेवला कोण शिकवणार? खरं सांगतो, थोडी गंमतही वाटली होती. ती अजून टोचते.

मांजरसुंब्याच्या घाटात येझदी किंचाळली आणि मागचं चाक जागीच थांबलं. दोघं पडता पडता वाचले. सगळे जमले. शहादेवचा चेहरा पांढराफटक. तो काही बोलायच्या आत आप्पांनी पिशवीतली भरलेली बाटली काढली.

"तेल माझ्यापाशी व्हतं. मीच इसरलो, बाबांनो."

शहादेव गप्प राहिला. मीही.

त्यानंतर त्याची भिंगरी वाढली. पिस्टनसाठी लातूर झालं, नगर झालं, हैदराबादही झालं. रात्री उठून अंगणात फिरतो, असं मनिषा सांगायची. शेवटी मंडळातल्याच माजलगावच्या हनुमाननं स्वतःच्या गाडीसाठी सात वर्षं जपलेला पिस्टन आणून दिला. "आप्पासाठी न्हाई द्यायचा, तर कुणासाठी द्यायचा बे?" म्हणाला. ते ऐकून शहादेव दुकानामागं गेला, तो बराच वेळ आलाच नाही.

माघात इंजिन जुळून सुरू झालं. गाडी पोचवायला आम्ही पंधराजण दिंद्रुडला गेलो. आप्पांचा थोरला, आदिनाथ, अंगणात उभा होता. म्हणाला, "लई उपकार झाले. पर गाडी आता इकायची हाय, उद्या गिऱ्हाईक येतंय. म्हातारं इसराय लागलंय. उद्या कुठं जीव घालवून बसंल." आप्पा ओट्यावर बसले होते. सीटवर धूळ नव्हती, तरी उठून पुसायला लागले.

मला वाटलं, शहादेव आता पळणार. पण तो जागचा हलला नाही.

"आप्पा इसरले न्हाईत," तो म्हणाला. "टाकी मी भरली, तेल मी इसरलो. तीन महिने तोंड लपवून फिरतोय. गाडी इकू नका."

मग माझ्या तोंडून निघालं, "मी मागं उभा होतो. मला दिसलं होतं. मी बोललो नाही." पुढचे पंधरा दिवस तरी मला कुणी चहा विचारणार नाही, हे मला तिथंच कळलं.

आदिनाथ आप्पांकडे वळला. "मग तुमी खोटं कावून बोलले?"

"चाळीस माणसं व्हती तिथं," आप्पा म्हणाले. "ह्यानं समद्यांना तेल शिकिवलं. त्याची मान खाली घालून मी देवाला कुठल्या तोंडानं जाऊ? तीन महिने म्हातारा इसरभोळा म्हणले, म्हणू दे. मला काय कुठं नोकरीला लागायचंय?"

शहादेव रडला. उभ्यानंच.

आदिनाथनं खिशातून फोन काढला आणि गिऱ्हाईकाला येऊ नको म्हणून सांगितलं. आप्पांनी टोपी सारखी केली, काठी घेतली.

"चला, कपिलधार राहिलंय."

गावाबाहेरच्या पंपावर येझदी सगळ्यांत पुढं. आप्पा मागच्या सीटवर. टाकीचं झाकण उघडलं, आणि आम्ही कुणी बोलायच्या आत आप्पाच ओरडले, "तेल दाखव!"

शहादेवनं ऑईल ओतलं आणि माप वर धरलं. ज्याचा पाय कधी एका जागी ठरला नाही, तो माणूस तसाच उभा राहिला. आप्पा "बास" म्हणेपर्यंत त्यानं हात खाली घेतला नाही.