पान लागलं

"नाव घेऊ नको. घेतलं की येतंय." मावशी असं म्हणायच्या, दोन बोटं ओठांवर टेकवायच्या आणि पुन्हा पानाला चुना लावायला लागायच्या.

हैदराबादेत बरकतपुऱ्यातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये पहिल्या मजल्यावर त्या एकट्या राहत. माहेर-सासर दोन्ही मराठवाड्यातल्या देगलूरकडचं. आमचंही मूळ तिकडचंच, त्यामुळे त्या बोलायला लागल्या की मला माझी आजीच आठवायची. कुठल्याही वाईट गोष्टीचं नाव म्हणून घ्यायच्या नाहीत. बांगडी फुटायची नाही, वाढायची. मी ऑफिसला निघताना 'जाते' म्हटलं की वरून ओरडायच्या, "येते म्हण गं सटवे!" मी जिन्यातून 'येते, येते' म्हणत पळायची.

आता आमच्या बिल्डिंगमधल्या पुणेकर मंडळींबद्दल. आयटीतली माणसं, स्वभावानं वाईट नाहीत हो. तळमजल्यावरची गौरी तर मावशींना दर रविवारी पोळीभाजी नेऊन द्यायची. पण मावशींनी तोंड उघडलं की हिचा मोबाइल बाहेर! "मावशी, परत म्हणा ना, काय करायलीस?" मावशी म्हणायच्या, सगळ्याजणी हसायच्या, मावशीही हसायच्या. मग गौरी मला सांगायची, "ताई, तुमच्याकडची मराठी किती गोड आहे! मराठी नाहीच वाटत." माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. मावशी मलाच दटावायच्या, "हसू दे गं. लेकरं हायेत. तुला कायकू परेशानी?"

मागच्या अंगणात कढीपत्त्याच्या झाडाखाली विटांचा एक ढीग किती तरी दिवस पडून होता. पावसाळ्यात बिल्डिंगची मीटिंग झाली, तेव्हा मावशी आपणहून उठून बोलल्या. आयुष्यात पहिल्यांदाच बोलल्या असतील. "त्या इटा उचला. तिथं लांबडं फिरायलंय. म्या बघितलंय."

"लांबडं!" कुणीतरी मागून म्हणालं आणि झालं, हशा पिकला. मी रागानं सांगितलं, साप म्हणतायत त्या. तर गौरीचा नवरा म्हणाला, "बरकतपुऱ्यात कुठला साप? मावशी अजून गावातच आहेत." मग चर्चा पार्किंगवर गेली. मावशी खाली बसल्या आणि माझ्या कानात म्हणाल्या, "तू कशाला नाव घेतलीस?"

विटा तिथंच राहिल्या. मी दोनदा वॉचमनला सांगितलं. तो म्हणाला, सेक्रेटरी सार बोलले तर उचलतो.

नवरात्रात गौरीनं खाली भोंडला ठेवला. मी काचीगुड्याला ऑफिसातच अडकले होते. पुढचं मला खाली जमलेल्या बायकांकडूनच कळलं आणि व्हिडिओ तर आहेच. पाटावरच्या हत्तीला फुलं कमी पडली, म्हणून मावशी झेंडू आणायला मागच्या अंगणात गेल्या. परत आल्या तेव्हा खिरापत ओळखणं चाललं होतं. डबा बंद, बायका ओरडतायत: करंजी! चकली! आणि मावशी पदर सावरत म्हणतात, "मला पान लागलं गं."

"पान! मावशींची खिरापत पान!" काय हसल्या त्या सगळ्या.

गौरीनं त्यांना खुर्ची दिली, साखरपाणी दिलं. "तंबाखू कमी करा हं मावशी." मावशी पायाकडे बोट दाखवतायत. जीभ जड झालीय. म्हणतात, "डोळे मिटायलेत गं माझे." आणि व्हिडिओत मागून एक आवाज येतो, लाडिक, नक्कल करणारा, "मिटायलेत!"

मी येऊन स्कूटर लावत होते, तेव्हा गौरी हसतच समोर आली. "ताई, आज मावशींना पान लागलंय बघा!"

मी स्कूटर तशीच टाकून मावशींच्या खुर्चीकडे धावले. अहो, आमच्याकडे साप चावला असं म्हणत नाहीत. त्याचं नाव घेत नाहीत. पान लागलं म्हणतात.

घोट्यावर दोन ठिपके होते. वॉचमननं धावत जाऊन ऑटो आणला. मी 'पामु' म्हटलं, तेलुगूत साप, आणि त्या तेलुगू वॉचमनला एका शब्दात कळलं होतं. ऑटोत मावशींचं डोकं माझ्या मांडीवर होतं. मी रडत विचारत होते, "कसला होता मावशी? साप कसला होता?" त्यांचे डोळे उघडत नव्हते. हात मात्र हळूहळू वर आला आणि दोन बोटं ओठांवर टेकली.

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, फार उशीर केलात.

तेराव्याला गौरी मावशींच्या घरी आली. खरंच रडत होती, डोळे सुजले होते. मागच्या अंगणातल्या विटा त्याच दिवशी सकाळी उचलल्या होत्या. मावशींचा पानाचा डबा खिडकीत तसाच होता. गौरी माझा हात धरून म्हणाली, "ताई, त्यांनी नीट मराठीत सांगितलं असतं तर..."

"गौरी," मी म्हटलं, "मराठीतच सांगितलं होतं."