गाडीत माणूस पाहिजे

आक्काला रिकामी बस बघवत नसे. आक्का म्हणजे माझी थोरली चुलती. मुळशी धरणाच्या पलीकडच्या अंगाला, रस्ता जिथे संपतो तिथे आमचं गाव, आणि गावात दिवसाला एकच बस, सकाळी तालुक्याला पौडाला जाणारी आणि दुपारी परतणारी. ती सुटायच्या वेळी आत माणसं कमी दिसली की आक्का दारोदार फिरे. "चला गं, पौडाला जाऊन येऊ. गाडीत माणूस दिसलं पायजे, न्हाई तर बंद करत्याल." मग काडीचं काम नसताना चार बायका साड्या बदलून पौडाला जात, चहा पीत आणि त्याच गाडीने परत येत. असली समाजसेवा मी दुसऱ्या कुठल्या गावात पाहिली नाही.

कंडक्टरशी तिचं गूळपीठ. तो उतरला की आधी पाण्याचा तांब्या, मग वालाची आमटी आणि भात. "त्याला हितं यावंसं वाटलं पायजे," ती म्हणे. गाडी चालू ठेवणं त्या बिचाऱ्याच्या हातात नाही, हे मी तिला कितीदा सांगितलं. "मग कुनाच्या हातात हाय? त्याला बी जेवाय बोलव," म्हणाली.

पावसाळ्यात रस्ता खचे आणि गाडी खालच्या फाट्यावरूनच माघारी वळे. म्हणून आक्का पक्क्या रस्त्यासाठी हात धुऊन मागे लागली. गाडीला वळायला जागा हवी म्हटल्यावर रस्त्याकडेचं स्वतःचं भाताचं खाचर तिने दिरांशी भांडून देऊन टाकलं. डांबर पडलं त्या दिवशी गावाला लापशी घातली. रस्ता झाला खरा. पण चांगला रस्ता बघून पोरांनी हप्त्यावर मोटारसायकली घेतल्या, हिंजवडीला कामाला लागली आणि रोजची ये-जा नको म्हणून तिथंच जवळ मारुंजीत खोल्या घेऊन राहिली. त्यात मीही आलो. गावात घरामागून घराला कुलूप लागलं. आक्का एकदा म्हणाली, "येन्याजान्यासाठी केला व्हता रस्ता. समदी नुसती गेलीच की रं त्याच्यावरनं."

शेवटी शेवटी गाडीत ती एकटीच असे. मागच्या बाकावर पिशवी ठेवी, मधल्या बाकावर छत्री, आणि स्वतः पुढे बसे, म्हणजे बाहेरून बघणाऱ्याला गाडी भरल्यासारखी वाटावी. मला हसू आलं. मग एका पावसाळ्यानंतर गाडी आलीच नाही. डेपोत चौकशीला गेलो तर खिडकीतला माणूस म्हणाला, "प्रवासीच नाहीत हो तुमच्या गावाला." खोटं कसं म्हणावं?

आक्काला रक्तदाब आहे. पौडाचे डॉक्टर तपासल्याशिवाय गोळ्या देत नाहीत. "फोन कर, मी मोटार घेऊन येतो," असं मी मोठ्या तोंडाने सांगितलं. पण मी मोकळा रविवारी, आणि दवाखाना रविवारी बंद. दोनदा रजा काढली, तिसऱ्या खेपेला साहेबांनी तोंड वाकडं केलं. माझ्याकडे राहायला चल म्हटलं तर म्हणते, "मी बी आले तर गावात ऱ्हायलं कोन?" तिचं चूक नाही, माझंही नाही, आणि तरी कुणालाच काही करता येत नाही.

मागच्या खेपेला दवाखान्यातून परतताना ती मोटारीत म्हणाली, "गाडीला हात केला की थांबायची. कुनाला इचारावं लागत न्हवतं. तुला फोन कराय मला लई वंगाळ वाटतं रं."

त्यानंतर तिचा फोन आला नाही. मीच करतो. बरी हायेस का विचारलं, तर "बरी हाय" म्हणते. गोळ्या आहेत का विचारलं, तर "हायेत की" म्हणते. मागच्या खेपेला मिळालेल्या गोळ्या दिवाळीलाच संपल्या असणार.