नानांच्या उशाशी कुर्डू

मंगळवारी सकाळी शेजारच्या शैलाने वडिलांच्या उशाशी निशिगंधाच्या काड्या ठेवल्या. तिचे वडील, नाना, इस्पितळातून घरी आले होते. आता उपचार उरले नव्हते आणि त्यांनी जेवण जवळजवळ सोडलं होतं. खोली जरा प्रसन्न वाटावी, चार घास जावेत, एवढीच तिची इच्छा होती. मी तिथेच बसलो होतो.

नानांनी काड्यांकडे पाहिलं. "अगं शैले, दम धर की. आधी जाऊ तर दे मला!"

ती हसली. काड्या उचलून स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

आपल्याकडे फुलाला नुसतं फूल म्हणून राहता येत नाही. ते देवाचं असतं, लग्नाचं असतं, नाहीतर तिरडीचं. बांधावरच्या तणाला मात्र असं कुठलंच काम कोणी नेमून दिलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी उशाशी पितळी तांब्यात बांधावरच्या कुर्डूचे गुलाबी तुरे होते.

"फुकटचं दिसतंय," नाना म्हणाले.

"फुकटचंच आहे."

"मग असू दे."

पुढे तांब्यात कधी गवताचे तुरे आले, कधी कडुनिंबाची डहाळी. खोलीतला औषधांचा वास गेला नाही. नाना खंगतच गेले. पण जाग आली की ते आधी तांब्याकडे बघत.

रविवारी शैलाने ज्वारीचं हिरवं कणीस ठेवलं. नानांनी ते हातात घेऊन चोळलं आणि कोवळे दाणे तोंडात टाकले. त्या दिवशी त्यांनी दुसरं काही खाल्लं नाही.