गिझरला मारलेली खुंटी

आता काय सांगू तुम्हाला, आज हसायला येतं! पण त्या सकाळी माझ्या हातून एका बाईंचा जीवच जायचा होता. खोटं नाही सांगत!

तेव्हा लोणावळ्यात गिझर म्हणजे नवलाई. कामशेतजवळची भातशेती भावावर सोडून मी एका बंगल्याची राखण धरली होती. मालकीणबाई मुंबईहून येणार, काम पटलं तर कायम करणार. माझा जीव नुसता टांगणीला!

बाई आल्या. त्यांच्या अंघोळीसाठी गिझर लावला, तर टाकीखालच्या, दाराकडे तोंड असलेल्या झडपेतून टप्, टप्... गळती? आणि आजच? गेली म्हटलं नोकरी!

बायको म्हणाली, "आवं, फिटरला बोलवा की."

"फिटर कशाला? जल्मभर बांध लिंपलेत म्या!"

बांध झिरपला की आम्ही विचार करत बसत नाही, बोळा कोंबतो. बंबाची तोटी गळली तरी चिंधीच. मी बाभळीची खुंटी तासली, चिंधी गुंडाळून झडपेत ठोकली, वरून तार आवळली. ठिबक बंद! काय ऐट माझी!

थोड्या वेळानं टाकी कण्हायला लागली. मग गुरगुरायला. बाई टॉवेल घेऊन न्हाणीच्या दारात.

"सखाराम, हा आवाज कसला?"

"पाणी तापतंय, बाईसाहेब!"

फाट्!

खुंटी बाईंच्या कानाजवळून गेली ती व्हरांड्याची काच फोडून थेट बागेत! मागून कढत पाण्याची धार, वाफच वाफ! बाई पांढऱ्याफटक. मी तर दगडच झालो. बायकोनं धावत जाऊन बटण बंद केलं.

फिटरभाऊ आले. झडप बघून कपाळावर हात मारला.

"आरं, तापलं की पाणी फुगतं. बंबाचं तोंड वरनं उघडं, ही टाकी बंद. फुगल्यालं पाणी जायला तर ही झडप! ठिबकत व्हती म्हंजे बेस चालली व्हती. धंदा काय तुजा?"

"भातवाले आमी."

"मग खाचराच्या बांधाला जादा पाणी जायला तोंड ठेवता का न्हाई?"

"म्हंजे काय! न्हाई ठेवलं तर बांध फुटंल! एवढं तर शेंबड्या पोराला बी..."

बोलता बोलता माझी नजर त्या झडपेवर गेली हो!

बाईंनी मला कायम केलं. बागेत! न्हाणीघराची किल्ली मात्र त्याच दिवशी माझ्या बायकोच्या कमरेला गेली, ती अजून तिथंच आहे.