तंबोऱ्याच्या डब्याची चिकट बटणं

गेले काही महिने आईच्या तर्जनीचं टोक काळं असायचं. तेच काळं मग कपाच्या कानाला, उशीच्या अभ्र्याला, न्हाणीच्या दाराला, आणि एकदा ऑफिसला निघता निघता माझ्या पिस्ता रंगाच्या ओढणीला लागलं. ओढणी तीनदा भिजवली, डाग काही हलला नाही. आईला यातलं काहीच दिसत नाही. काचबिंदूने तिची नजर गेली. खिडकी कुठे आहे एवढं उजेडावरून कळतं, बस. डाग दिसायचे मला आणि घासायचे तेही मीच.

हे काळं यायचं तंबोऱ्याच्या डब्यावरून. विजेवर चालणारा, विटेएवढा डबा. आईचं देवळातल्या भजनाला जाणं बंद झालं तेव्हा मी तो आणला होता. वर एका ओळीत सहा बटणं, सगळी एकसारखी, मऊ रबराचा मुलामा दिलेली; एक चालूबंदचं, बाकीची स्वर आणि आवाज कमीजास्त करायची. सकाळी आई डबा मांडीशी ओढायची, चाचपून बटण दाबायची, तंबोरा सुरू व्हायचा. तासभर गायची आणि स्वतःच बंद करायची. अंघोळीचं पाणी, गोळ्या, जेवणाचं ताट, सगळ्याला तिला मी लागते. या एका तासाला लागत नव्हते. मीही त्या तासात पोळ्या उरकायचे, आणि खरं सांगायचं तर जरा श्वास घ्यायचे.

बटणं चिकट झाली ती माझ्याच करणीने. वलवणमध्ये पावसाळा आला की आम्ही दिसेल त्याला प्लॅस्टिक गुंडाळतो. घराच्या पडवीला, स्कूटरला, मिक्सरला, देवाच्या पोथीला. धुऊन वाळवलेल्या पिशव्यांचा एक वेगळा खण असतो प्रत्येक घरात. तंबोऱ्याचा डबाही मी रोज आईचं गाणं झालं की पिशवीत घालून रबरबँड लावून ठेवायचे. दोन पावसाळे ठेवला. दुसऱ्या दिवाळीला फराळाचे डबे पुसताना सहज त्याला हात लागला, तर बोट उचलेना. काकवी सांडल्यासारखं झालं होतं.

मग मी सगळं करून पाहिलं. अंगाला लावायची पावडर चोपडली, तर तिचा राखाडी लगदा झाला. तांदळाचं पीठ लावलं, मुंग्या आल्या. शेवटी एका शनिवारी कामशेतला गेले. तिथे बाजारात एक म्हातारे दुरुस्तीवाले आहेत, मंडळांचे माइक आणि बेंजोवाल्यांचे कीबोर्ड त्यांच्याकडेच येतात. त्यांनी डबा उलटसुलट केला आणि माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी मूल उपाशी ठेवलंय.

"पिशवीत घालत व्हता न्हवं?"

"दमट हवा लागू नये म्हणून."

"ताई, दमट आतच कोंडलं की तुमी. आता ह्ये रबर मेलं. स्पिरिट आणा आन् घासून काढा, खाली चांगलं पलाष्टिक हाय. दुसरा इलाज न्हाई."

रविवारी दुपारी आई झोपली असताना बसले. कापसाचे बोळे काळे होत गेले, नखं काळी झाली, स्पिरिटच्या वासाने डोकं दुखायला लागलं. बटणांवरची छापील अक्षरंही गेली, पण ती आईला कधी दिसतच नव्हती. दोन तासांनी सहाही बटणं स्वच्छ, गुळगुळीत. कितीतरी दिवसांत माझ्या हातून काहीतरी पुरं झालं होतं. मला फार बरं वाटलं.

सोमवारी सकाळी मी पोळ्या लाटत होते. तंबोरा लागला, आणि लगेच त्याचा स्वर वर चढला. आणखी चढला. आईने तसंच गायला घेतलं, आवाज फाटला, ती थांबली. मी पिठाचे हात घेऊन आत गेले. ती सहाही बटणांवरून बोट फिरवत होती, पुढे आणि मागे.

"हितलं चिकाट कुटं गेलं गं?"

"काढलं सगळं. आता बोट काळं नाही व्हायचं."

"मला त्यावरनंच कळायचं की. ज्ये लय चिकाट, त्येच चालूबंद करायचं."

रोज तेच एक बटण दाबून दाबून ते सगळ्यात जास्त चिकट झालं होतं. बाकीच्यांना तिचा हात फारसा लागतच नव्हता.

"मला इचारलं असतंस तर? माजाच हाय न्हवं डबा?"

वेळ नव्हता, सोमाटण्याला ऑफिसात दहाला पोचायचं होतं. मी स्वर खाली आणून दिला, तंबोरा चालू ठेवला आणि "बंद नंतर शेजारच्यांकडून करून घे," म्हणून निघाले.

संध्याकाळी दार उघडलं तर तंबोरा चालूच. डब्यावर दोन उशा, वर चादरीची घडी. त्याखालून तो घरघरत होता. आई भिंतीकडे तोंड करून बसली होती. तिने कुणाला हाक मारली नव्हती. बटण शोधताना पुन्हा भलतंच काही होईल म्हणून हातही लावला नव्हता. दिवसभर ती ते ऐकत बसली होती.

मी उशा बाजूला केल्या, डबा बंद केला आणि चप्पल न काढता तिथेच खाली बसून रडले. तिच्यासाठी नव्हतंच घासलं मी. माझ्या ओढणीसाठी घासलं होतं, माझ्या अभ्र्यांसाठी. आई फक्त म्हणाली, "चहा टाक."

चहाआधी मी कपाळावरची टिकली काढली. खड्याची होती, हाताला लागेल अशी. ती चालूबंदच्या बटणावर दाबून बसवली आणि आईचं बोट धरून तिथे नेलं. तिने खडा चाचपला. दाबलं, तंबोरा लागला. दाबलं, थांबला. पुन्हा दाबलं.

"तुज्या कपाळाची का?"

"हो."

"बरी हाय," ती म्हणाली. मग डबा माझ्या हाताखालून आपल्याकडे ओढून घेत म्हणाली, "आता तू ह्याला हात लावायचा न्हाई."

दुसऱ्या दिवशी पोळ्या करताना सवयीने मी ओट्याजवळूनच विचारलं, "लावून देऊ का?" आत तंबोरा लागला.